गाळलेला ‘म्हणे’

१८ जून २०२५

आज राजवीर सबरवालांनी शाळेच्या ऑफिसात येऊन माझ्या गळ्यात एक लोढणं अडकवलं. हे आमच्या पंजाबी शिक्षण मंडळाचे अध्यक्ष. आजोबा फाळणीत गुजरांवाल्याहून आले. राजवीरशेठ शाहूपुरीत जन्मले, गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतात आणि माझ्यापेक्षा अस्सल कोल्हापुरी बोलतात.

“मॅडम, डिसेंबरात मंडळाला पंच्याहत्तर वर्षं होत्यात. मंडळाचा इतिहास लिवायचा हाय. तुमी मराठीच्या. तुमच्याबिगर कोण लिवणार?”

मी म्हटलं, “बघते की.” नाही म्हणायची सोय नव्हती, कारण त्याच दमात त्यांनी दुसरीही गोष्ट सांगून टाकली. ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेत मराठी शाळेचा विषय येणार आहे. पुढच्या वर्षापासून पहिलीचे प्रवेश बंद, मग दरवर्षी एकेक वर्ग कमी, आणि इमारत मैदानापलीकडच्या आपल्याच इंग्रजी शाळेला. “मन मोठं करा. पोरं कुटं येत्यात आता मराठीला?”

पोरं येतात. हमालांची येतात, धुणंभांडी करणाऱ्या बायांची येतात, इचलकरंजीतून माग बंद पडल्यावर इकडं आलेल्यांची येतात. मी या शाळेची मुख्याध्यापिका आहे. शाळा बंद झाली तर मला सरकार दुसरीकडे कुठेतरी सामावून घेईल, या पोरांना कोण सामावून घेणार? हे सगळं मनात आलं आणि मी तोंडाने फक्त “चहा घेणार का?” एवढंच विचारलं. रुद्रेश नेहमी म्हणतो, “तू घरात वाघीण आणि ऑफिसात गोगलगाय.” नवऱ्याचं म्हणणं खरं निघालं की फार राग येतो.

२७ जून

इतिहास म्हणजे बाकं. मंडळाच्या सभांची जुनी इतिवृत्तं वाचली. बाकं किती करायची, चुना कुणी लावायचा, छप्पर गळतंय. पहिल्या काही वर्षांची उर्दूत होती. ती एका उर्दू शाळेतल्या सरांकडून वाचून घेतली. तिथेही बाकंच.

सलग मांडलं तर हकिगत अशी. पंजाबातून उठून आलेली मोजकी कुटुंबं, त्यातले मास्टर दौलतराम चड्ढा. त्यांनी एका गोदामात आपल्या मुलांसाठी वर्ग काढला, हिंदी आणि गुरुमुखीचा. नाव ‘पंजाब निर्वासित शिक्षण मंडळ’. पुढे शेजारच्या गल्लीतली मराठी पोरं येऊन बसायला लागली, तेव्हा मराठी शाळा झाली. मग मुलींचे वेगळे वर्ग. मग कधीतरी नावातला ‘निर्वासित’ शब्द गेला. शेवटी इंग्रजी शाळा आली, तिला लिफ्टसुद्धा आहे. पण गल्लीतली पोरं पहिल्यांदा आली त्या दिवशी काय झालं, मास्टरजींनी त्यांना का बसवून घेतलं, याबद्दल कुठे एक ओळ नाही.

बहेनजींना विचारलं. सतवंत चड्ढा, मास्टरजींची मुलगी, वय ऐंशीच्या पुढे. लग्न केलं नाही, सगळं आयुष्य आमच्याच शाळेत घालवलं. माझ्या आधीच्या आधीच्या मुख्याध्यापिका. यांची एक ख्याती अजून सांगतात. पट कमी होता, तुकडी तुटणार होती, तेव्हा सगळे म्हणत होते की तपासणीच्या दिवशी चार बाहेरची पोरं आणून बसवू. बहेनजींनी बसवली नाहीत. तुकडी तुटली. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही.

त्या म्हणाल्या, “मला काय म्हायती? मी तवा अंबाल्याला, मामाकडं. मी आणि बिजी मागनं आलो, शाळा सुरू होऊन दोनतीन वर्सं झालती.” बिजी म्हणजे त्यांची आई. बहेनजी कोल्हापूरच्या बायकांसारखं ‘मी आलो, मी गेलो’ असं बोलतात, आणि मध्येच ‘पुत्तर’ म्हणतात.

८ जुलै

आज मधल्या सुट्टीनंतर प्रकरण तीन लिहायला बसले आणि बाकांचा वीट आला. बाहेर पहिलीच्या बाई हजेरी घेत होत्या आणि पोरं ‘हाय! हाय!’ म्हणून ओरडत होती. कितीदा शिकवलं तरी ‘हजर’ म्हणत नाहीत. ऐकता ऐकता वाटलं, पंजाबातून होरपळून आलेल्या माणसाला हा ‘हाय’ कसा ऐकू आला असेल? त्याच्याकडे ‘हाय’ म्हणजे विव्हळणं.

आणि हात सुटलाच. लिहून टाकलं:

“गल्लीतली मुले प्रथम आली त्या दिवशी मास्टरजींनी हजेरी घेतली. पहिले नाव घेताच मुलगा ओरडला, ‘हाय!’ दुसरा ओरडला, ‘हाय!’ मास्टरजी घाबरून उठले. बाळांनो, काय दुखते? मुले हसू लागली. गुरुजी, हाय म्हंजे हाय की! मी हितं हाय! तेव्हा मास्टरजी मटकन खुर्चीत बसले आणि रडले, म्हणे. जो शब्द तिकडे आक्रोश होता, त्याचा अर्थ इकडे ‘मी आहे’ असा होता. डोळे पुसून ते म्हणाले, ही मुलेही माझीच.”

वाचून मलाच हुंदका आला. बक्षीस समारंभात टाळ्या घ्याव्या असं जमलं आहे. ‘म्हणे’ घातलेला आहेच. म्हणे म्हटलं की आपण सुटलो, कोण म्हणे ते कुणी विचारत नाही.

१० जुलै, गुरुपौर्णिमा

पोरांनी टेबलावर जास्वंदीचा ढीग घातला. नेमकं आजच राजवीरशेठ आले आणि प्रकरण तीन तिथंच उभ्याने वाचलं. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला. एवढा दांडगा माणूस, पण काच शर्टाच्या टोकाने पुसत राहिला.

“मॅडम, ह्ये आमाला कुणीच कसं सांगितलं न्हाय?”

ते पुन्हा वाचायला लागले आणि एका जागी बोट ठेवलं. “ह्यो ‘म्हणे’ कशाला? म्हणे म्हणे म्हणजे गावगप्पा वाटत्यात. रडले म्हणजे रडले की. काडा त्यो.”

मी पेन घेतलं आणि काढला. माझ्या हाताने काढला, त्यांनी नाही. ‘शेठ, मी हे रचलंय’ एवढं बोलायला कितीसा वेळ लागला असता? पण त्यांचे डोळे ओले होते, आणि मला वाटलं, हा माणूस आता मराठी शाळा बंद करायला धजणार नाही. खरं कारण हे. नुसता संकोच असता तर इथे लिहायचीही गरज पडली नसती.

१७ जुलै

बहेनजींची दृष्टी अधू झाली आहे, म्हणून त्यांना घरी जाऊन प्रकरणं वाचून दाखवते. आज तिसरं. मी ते टाळणार होते, पण राजवीरशेठ आधीच फोनवर त्यांच्यापाशी बोलून बसले होते.

वाचून झाल्यावर म्हणाल्या, “ह्ये कुणी सांगितलं तुला?”

“जुनी माणसं सांगतात.”

“कुठली जुनी माणसं? माझ्यापरास जुनं आता ऱ्हायलंय कोण?” आणि हसल्या. पण त्यांनी पुढे ते ताणलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, “लई वेळ रडले का गं?”

काय सांगणार? म्हटलं, “थोडा वेळ.”

“बरं,” म्हणाल्या. “पुन्ना वाच.”

मी पुन्हा वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, लहान मुलं ऐकतात तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या जाऊन सांगते.

१८ जुलै

गेले नाही. बोर्डाचं पत्र आलं होतं, असं स्वतःला सांगितलं. पत्र साधंच होतं.

२९ जुलै

पंचगंगा चढली. नदीकाठच्या गल्ल्यांतली पोरं आली नाहीत, वर्ग अर्धे. दुपारी बहेनजींनी रिक्षा पाठवून बोलावून घेतलं. म्हणाल्या, “ती गोष्ट चुकलीया. खुर्ची कुठली आली तवा? सतरंजी व्हती. सतरंजीवर बसले असं लिव.”

मी म्हटलं, “बहेनजी, तुम्ही तर अंबाल्याला होता ना?”

“व्हय की. पण खुर्ची नंतर आली, ते बाऊजी सांगायचे.” बाऊजी म्हणजे मास्टरजी. मग विचारलं, “ह्या पोरांस्नी कळलं का, शाळा बंद होणार म्हणून?”

मी सांगितलं ते असं. पाचवीतली सौंदर्या काल म्हणाली, बाई, आमची शाळा मेली की तुम्ही दुसऱ्या शाळेत जाणार, मग आम्ही तुमच्या मागनं येऊ का? बापाने तिला आधीच सांगून ठेवलंय, दुसरी शाळा लांब पडली तर घरी बस, धाकट्याला सांभाळ. बहेनजी ऐकत राहिल्या. नंतर एकदम म्हणाल्या, “सतरंजी लिवलंस का?”

मी खुर्ची खोडून सतरंजी केली. मला भीती वाटते ती हीच. मी सांगितलेलं खोटं त्यांच्या डोक्यात मुळं धरतंय. आज त्यांनी सतरंजी आणली, उद्या खिडकी आणतील. म्हाताऱ्या माणसाची आठवण म्हणजे मऊ माती, आणि तिच्यात मी बी टाकून आले. त्यांचा खरा बाप हळूहळू मागे सरणार आणि माझा कागदी बाप त्यांच्यापुढे बसून रडणार. हे पाप कुठल्या नदीत फिटायचं?

११ ऑगस्ट

मन घट्ट करून गेले. वाडीची बासुंदी नेली होती, म्हणजे कडू बोलायच्या आधी थोडं गोड. बासुंदी खाताना त्या प्रसन्न होत्या. मी सुरुवात केली, “बहेनजी, प्रकरण तीनमध्ये जे आहे ना, ते…”

“शिवलीला,” त्यांनी वाटी खाली ठेवली. “सभा कवा हाय?”

“चोवीसला.”

“मग पंचवीसला बोल. त्याच्या आदी मला काय सांगू नगंस.”

“पण ते आधीच सांगायला पाहिजे.”

“मी म्हणालो न्हवं, आदी न्हाय.” आवाज अगदी मुख्याध्यापिकेचा. मी बासुंदीचं भांडं घेऊन परत आले. बिचाऱ्या दमल्या असाव्यात, सभेचं दडपणही असेल. रुद्रेशला सांगितलं तर तो म्हणाला, “तुला खरंच कळलं नाही?” मी विचारलं, काय? म्हणाला, काही नाही. नवरे असं अर्धवट बोलून मोठे शहाणे होतात.

२४ ऑगस्ट, रविवार

सभा झाली. घरी येताच लिहायला बसले.

हॉल भरला होता. राजवीरशेठ काहीच ठरवून आले नव्हते, पण इंग्रजी शाळेकडच्या लोकांनी जोर लावला. आकडे, आलेख, पडदा. एकाने तर म्हटलं, आपल्या समाजाचं आता एकही मूल मराठी शाळेत नाही, मग आपण ती का चालवायची? टाळ्या पडल्या. मी मागे उभी होते. मी सभासद नाही, मला तोंड नाही.

तेव्हा बहेनजी उठल्या. आमचे शिपाई आकाराम धरायला गेले तर त्यांचा हात झटकला. माईक नको म्हणाल्या.

“आपला समाज, आपला समाज म्हणताय. मग ऐका. गल्लीतली पोरं पैल्यांदा आली त्या दिवशी मी तिथं होतो. सतरंजीवर, पुढच्या रांगेत. बाऊजींनी नाव घेतलं, पोरगं म्हणालं, हाय. बाऊजींस्नी वाटलं, ह्याला काय झालं? मग पोरं हसली. आणि बाऊजी रडले. माझ्या डोळ्यांनी बगितलंय मी. ज्यांनी आमाला ‘मी हाय’ म्हणायला शिकवलं, त्यांच्या पोरांस्नी आता ‘तुमी न्हाय’ म्हणून सांगायचं? ज्याला सांगायचं त्यानं हात वर करावा. मी बगतो.”

एकही हात वर झाला नाही. राजवीरशेठ रुमालाने तोंड पुसत म्हणाले, विषय मागं घेतला. मग टाळ्या झाल्या, त्या थांबेनात. कुणी तरी माझा हात हातात घेऊन दाबला.

शाळा वाचली. आणि मला वाटत होतं, धरणीने पोटात घ्यावं. ‘मी तिथं होतो.’ त्या नव्हत्या! अंबाल्याला होत्या! ज्याची भीती मला झोपू देत नव्हती तेच झालं. माझं खोटं त्यांची आठवण होऊन त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, सगळ्या गावासमोर, ज्या बाईने आयुष्यात पटावर एक खोटं पोर बसवलं नाही तिच्या तोंडून.

२५ ऑगस्ट

चोराच्या मनात चांदणं. सकाळपासून जो भेटतो तो अभिनंदन करतो आणि मला वाटतं हा टोमणा मारतोय. सौंदर्याच्या आईने पेढे आणले, काम चुकवून आली होती. पाया पडायला लागली. मी पाय मागे घेतले तर तिला वाटलं बाई रागावल्या.

पंचवीस तारीख होती. गेले नाही. आठवण मोडलेल्या माणसाला ती मोडली आहे हे कसं सांगायचं?

४ सप्टेंबर

गौरी-गणपती आटोपले. आज शाळा सुटल्यावर गेले. काही नेलं नाही. बहेनजी पलंगावर बसून मोगऱ्याच्या कळ्या वेचत होत्या, डोळ्यांनी नाही, बोटांनी. मी उंबऱ्यातच बोलून टाकलं. मी ते रचलं. कुणी जुनं माणूस नव्हतं. ‘म्हणे’ लिहिला होता आणि तोही गाळला. तुमच्या बाऊजींबद्दल खोटं तुमच्या मनात घातलं, मला माफ करा.

त्या कळ्या वेचतच राहिल्या. “पंचवीसला ये म्हणालो व्हतो. दहा दिवस उशीर केलास.”

मी उंबऱ्यावरच बसले.

“मला म्हायती हाय गं. पैल्या दिवशीच कळलं. त्ये रडणारं माणूसच न्हवतं.” मग हळूहळू, मराठी-पंजाबी एकमेकांत मिसळत त्यांनी सांगितलं. अंबाल्याहून आल्यावर त्या याच शाळेत बापाच्या वर्गात बसल्या. गल्लीतल्या पोरींबरोबर खेळून चार महिन्यांत इथलं बोलायला शिकल्या. एक दिवस हजेरीला त्यांचं नाव आलं आणि इतर पोरींसारखंच त्यांच्या तोंडून गेलं, ‘हाय!’ मास्टरजी उठून आले आणि सगळ्या वर्गासमोर त्यांनी छडी मारली. हात सुजेपर्यंत. “माझ्या घरात हा शब्द परत न्हाय,” असं म्हणत मारलं. फाळणीत येताना गाडीतच मास्टरजींची आई गेली होती, म्हणजे बहेनजींची आजी. ती शेवटी ‘हाय, हाय’ एवढंच म्हणत होती. त्या दिवसानंतर वर्गातल्या सगळ्या पोरांना ‘उपस्थित’ म्हणावं लागे. गल्लीतली पोरं त्यांनी ठेवून घेतली ती पट भरायला, सरकारी मान्यता टिकवायला. प्रेमाने नाही.

“मग तुम्ही सभेत…” मी विचारलं.

“तुझ्यातले बाऊजी मला बरे वाटले. माझे व्हते त्यांनी मारलं. तुझे व्हते ते रडले.” कळ्यांची ओंजळ त्यांनी वाटीत सोडली. “आन् शाळा वाचवायला दुसरं काय व्हतं माझ्याकडं? तू लिवलेलं कोण मानणार? मी बगितलं म्हणाल्यावर मानलं.”

मी रडले. म्हटलं, मी छापखान्यात सांगते, ‘म्हणे’ परत घालते, वाटलं तर सगळं प्रकरण काढते.

“काडशील तर मी खोटारडी ठरंन, सगळ्या गावात,” त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. “आयुष्यात एकदाच बोललो. ते तरी टिकू दे.”

निघताना मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, दार ओढून घे.

इतके दिवस मी समजत होते की मी एका म्हातारीची आठवण बिघडवली. तसं झालं असतं तर बरं होतं. मी तिला खोटं बोलायला लावलं, शुद्धीवर, जाणूनबुजून, ऐंशी उलटल्यावर, आणि ज्या हातावर छडी बसली तो हात आता कुठल्याच इतिहासात येणार नाही. त्याच्या जागी मी लिहिलेला एक रडका, गोड माणूस बसला आहे.

घरी पोचले तेवढ्यात छापखान्यातून फोन. “बाई, तिसऱ्या प्रकरणात काय बदल हाय का? प्लेटा काडायच्यात.”

मी म्हणाले, काही बदल नाही.